कॉमन प्लॉटमधला चिकू

रान आपली गुपितं फक्त त्यालाच सांगतं, जो पहाटे उठून, मौन धरून, रिकाम्या हातांनी त्याच्या दाराशी जातो. आम्ही एकतीस जण सकाळी साडेसातला बडोद्याहून निघालो. बसला एसी होता, प्रत्येकाच्या हातात खमणचं पाकीट होतं आणि मौनाचं म्हणाल, तर डभोई येईपर्यंत अंताक्षरीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.

सहलीचं नाव होतं 'विस्मृत रानफळांच्या शोधात'. मे महिन्याचा शेवटचा रविवार. सहल ज्यांनी काढली होती ते गृहस्थ पन्नाशीचे, अंगात सोळा खिशांचं जाकीट. खिसे मी मोजले, कारण ते बराच वेळ माझ्या सीटशेजारी उभे राहून माइकवर बोलत होते. "आज आपण फळं शोधायची नाहीत," ते म्हणाले. "फळं आपल्याला शोधतील."

मागून कुणीतरी विचारलं, "मग चहाला थांबायचंय की नाही?"

मी ग्रंथालयात तीस वर्षं काढली आहेत. अशा वाक्यांची पुस्तकं कोणत्या कपाटात ठेवतात आणि तिथून ती कोणी नेत नाही, हे मला ठाऊक आहे. रानाची हाक वगैरे ऐकून मी आले नव्हते. माझ्या पिशवीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली हातभर लांबीची एक फांदी होती, आणि ती तज्ज्ञाला दाखवून तिचं दुखणं विचारायचं, एवढंच माझं काम होतं. फांदी आमच्या शेजारच्या काकांची होती.

काका रिफायनरीतून निवृत्त झालेले, इन्स्ट्रुमेंट खात्यातले. जन्मभर तेलाचा दाब आणि वाफेचं तापमान मोजण्यात गेल्यामुळे त्यांचा अजूनही असा समज आहे, की जगात जे काही बिघडतं ते कुठंतरी रीडिंग चुकल्यामुळे. आमच्या सोसायटीत चोवीस टेनामेंट, म्हणजे जोडघरं, आहेत आणि त्यांच्या मधोमध सगळ्यांच्या मालकीची एक मोकळी जागा, तिला बडोद्यात कॉमन प्लॉट म्हणतात. तिथे नवरात्रात गरबा होतो, लग्नसराईत मांडव घातला जातो आणि उरलेलं वर्षभर गाड्या उभ्या राहतात. सोसायटी झाली त्या वर्षी काकांनी नर्सरीतून चिकूचं कलम आणलं, 'कालीपत्ती' जातीचं, आणि या प्लॉटच्या एका कोपऱ्यात, कडुलिंबाच्या बाजूला लावलं. नर्सरीची पावती त्यांनी लॅमिनेट करून घेतली. चोवीस घरांना पुरून उरतील इतके चिकू देण्याचं त्यांनी पहिल्याच सभेत जाहीर केलं होतं.

पाचव्या वर्षी सात चिकू लागले. काकूंनी त्यांच्या फोडी करून घरोघर वाटल्या. आमच्या वाट्याला आलेली फोड अजून आठवते. ती गोड होती आणि अर्धी होती.

त्याच वर्षी नवरात्रात स्पीकरचे खोके आणणारा टेंपो रिव्हर्स घेताना झाडावर चढला. खोड गुडघ्याखाली मोडलं. काकांनी शेण-मातीचा लेप लावला, वर गोणपाट बांधलं, चार महिने सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. होळीच्या सुमाराला बुंध्यातून नवा कोंब आला. त्या दिवशी काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार फिरले. पुढे त्या कोंबाचं चांगलं दीड माणूस उंचीचं झाड झालं. घट्ट, गर्द हिरवं, देखणं. फक्त त्यानंतर बारा वर्षांत त्याला एकही चिकू लागला नाही.

चेष्टा हळूहळू रिवाज होते. "जय श्रीकृष्ण, काका" यानंतर आमच्याकडे "चिकू क्यारे?" हे आपोआप येतं. चिकू कधी, असं दूधवालाही विचारतो. काका हसून म्हणतात, "आवता वर्षे." पुढच्या वर्षी. बारा वर्षं ते हेच सांगत आले, आणि मला वाटतं प्रत्येक वेळी त्यांना ते खरंच वाटत होतं.

यंदा पुढच्या वर्षाची सोय राहिली नव्हती. आमचे प्रमुखसाहेब, म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, टाइल्सच्या धंद्यातले. त्यांच्या मनात कॉमन प्लॉटमध्ये ज्येष्ठांसाठी कारंजं बांधायचं होतं. संगमरवरी, रंगीत दिव्यांचं. सोसायटीतल्या ज्येष्ठांनी त्यांच्याकडे एक बाक मागितला होता. पण बाकाचं उद्घाटन करायला मोठा माणूस येत नाही, कारंज्याला येतो. कारंज्याची जागा ठरली होती ती नेमकी झाडाची. ठराव असा झाला, की जूनच्या पहिल्या रविवारच्या सभेपर्यंत झाडावर काही दिसलं नाही, तर ते काढायचं. काकांनीही हात वर केला. नियम म्हणजे नियम, असं त्यांचं म्हणणं.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी ते फांदी घेऊन माझ्या दारात आले.

"ताई, उद्या बसमध्ये तज्ज्ञ आहेत म्हणता ना? त्यांना एवढं दाखवा. खत कमी पडतंय की पाणी जास्त होतंय, एवढंच विचारा. रीडिंग कुठंतरी चुकतंय."

"काका, आठ दिवसांत काय होणार?"

"नाही, आठ दिवसांत काही होत नसतं," ते म्हणाले. "पण गेलं तरी कशानं गेलं, ते कळायला हवं ना."

मी डभोईच्या चहाच्या थांब्यावरच फांदी काढली. जाकीटवाल्यांनी पान उन्हाकडे धरलं, डोळे मिटले, पान गालाला लावलं.

"चिकूच आहे," ते म्हणाले. "पण उदास आहे. याच्याशी कुणी बोलतं का?"

"रोज," मी म्हटलं. "चोवीस घरं."

डभोईच्या पुढे तासाभरानं बस एका गावाबाहेर थांबली आणि आम्ही उन्हात उतरलो. पहिला अर्धा तास फळांनी आम्हाला शोधलं नाही. एक भोकराचं झाड दिसलं, त्याची फळं संपली होती. एका टेंभुर्णीला यंदा बहरच नव्हता. "अनुपस्थिती हाही अनुभव असतो," असं जाकीटवाले म्हणाले, आणि लोक त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहू लागले त्या नजरेला अनुभव म्हणता येईल.

मग रस्ता वळला आणि समोर एक झाड उभं होतं. चार जणांच्या कवेत न मावणारं खोड, काळपट खडबडीत साल, वर पानांचं एवढं दाट छत, की खाली उन्हाचा कवडसाही नव्हता. त्या सावलीत एक बाई गुडघे मुडपून बसली होती, पुढ्यात पळसाच्या पानांवर पिवळ्या, बोटाच्या पेराएवढ्या फळांचे ढीग. रायण. पुस्तकी मराठीत खिरणी. बडोद्याच्या नागरवाड्यात माझं लहानपण गेलं तेव्हा उन्हाळ्यात रायणीची हातगाडी दारावरून जायची. नंतर गाडी यायची बंद झाली की आम्ही दाराशी जायचं बंद केलं, कोण जाणे. मी चाळीस वर्षांत ती चाखली नव्हती. जाकीटवाले 'विस्मृत' या शब्दापाशी पोचत होते तेवढ्यात मोटरसायकलवरून दोन माणसं आली, न बोलता दोन पुड्या रायण घेऊन गेली. त्यांच्या ती चांगलीच स्मरणात होती.

मी एक तोंडात टाकली. आधी चिकूसारखी गोड, मग त्याहून दाट, खजुरासारखी, आणि शेवटी ओठांवर दुधाचा चीक, असा की ओठ एकमेकांना चिकटतात आणि बोलायला वेळ लागतो. एकतीस माणसं एकाच वेळी गप्प झाली. सुरुवातीला म्हटलेलं मौन ते हेच असावं. मी दुसरी खाल्ली, तिसरी, सातवी. माझं वय मी इथे सांगणार नाही, पण त्या क्षणी ते फ्रॉकचं होतं. सगळे फोटो काढू लागले तेव्हा ती बाई म्हणाली, "आ खावानुं छे, फोटा पाडवानुं नथी." हे खायचं असतं, बाबांनो.

आणि मग तिनं तेलाचा रिकामा डबा पुढे सरकवला. बिया यात थुंका.

एकतीस सुशिक्षित माणसं रांगेनं डब्यात थुंकू लागली. जाकीटवाले भारावून म्हणाले, "पाहिलंत? बीज धरतीला परत देण्याची ही आदिम रीत आहे."

"नर्सरीवाळाने आपुं छुं," बाई म्हणाली. नर्सरीवाल्याला देते. दर पावसाळ्याआधी माणूस येतो, डबे भरून घेऊन जातो.

"त्याला कशाला लागतात?" मी विचारलं.

ती माझ्याकडे जरा दयेनं पाहू लागली. मग तिनं उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या बोटावर टेकवून दाखवलं. खाली रायण, वर चिकू. चिकूचं स्वतःचं मूळ नाजूक. म्हणून नर्सरीवाले रायणीचं रोप वाढवतात आणि त्यावर चिकूची फांदी बांधतात. वरून चिकू, जमिनीत रायण. तुम्ही बडोद्याचे लोक जेवढे चिकू खाता, ती म्हणाली, ते सगळे आमच्या बियांवर उभे.

मला आधी काहीच वाटलं नाही. मग काकांची फांदी आठवली. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, उलगडलं, आणि फांदी तिच्यासमोर धरली.

तिनं फांदीकडे पाहिलं. मग डोक्यावरच्या झाडाकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिनं एक पान तोडून टोकाशी नख लावलं: टोक निमुळतं नव्हतं, मधोमध खाच होती, कुणी चिमटीनं खुडल्यासारखी. वरच्या झाडाचं एक पान ओढून तिनं शेजारी धरलं. तीच खाच.

"बेन," ती म्हणाली, "रायण जोवा रायण लईने आव्यां?"

रायण बघायला रायण घेऊन आलात? शेजारच्या ढिगामागे बसलेली तिची जाऊ तोंडावर पदर घेऊन हसत होती. मीही हसले. तीस वर्षं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांची कार्डं माझ्या हाताखालून गेली होती. मी ती अकारविल्हे लावली होती.

परतीच्या बसमध्ये मला बसवेना. टेंपोनं मोडला तो चिकू. लेप लावून, पाणी घालून जे फुटलं ते खालून, कलमाच्या सांध्याच्या खालून. पेढे वाटले गेले ते रायणीचे. बारा वर्षं चोवीस घरं एका रायणीला विचारत होती, चिकू कधी. सगळं जुळत होतं, फक्त एक सोडून: झाड एवढं वाढलं, तर फळ कुठाय? काका रोज सकाळी त्याच्याखाली उभे असतात. त्यांना दिसलं नसतं?

वाटेत कुठंतरी बसनं खड्डा घेतला आणि मला कडुलिंब आठवला. दर उन्हाळ्यात कॉमन प्लॉटच्या त्या कोपऱ्यात पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. झाडणारी बाई कुरकुरते, गाड्यांच्या टायरांना त्या चिकटतात, मी स्वतः माझ्या पायरीवरून खराट्यानं ढकलते. आणि रायण दिसायला अगदी लिंबोळीसारखी. तोच रंग, तोच आकार, थोडी थोराड इतकंच. कडुलिंबाच्या फांद्याही त्या झाडात शिरलेल्या, त्यामुळे पानांत दिसलेलं पिवळं फळही लिंबोळीच वाटणार. शिवाय लिंबोळ्या पिकतात त्या जून लागता लागता. आमच्याकडे गेली दोन-तीन वर्षं त्या मेच्या पहिल्या आठवड्यापासून झाडाव्या लागत होत्या, आणि लोक म्हणत होते, हवामान बदललंय.

साडेपाचला बस सोडली आणि मी घरी न जाता थेट कोपऱ्यात गेले. काका तिथेच होते, पाण्याची नळी हातात. मी खाली बसले आणि एक पिवळं फळ उचलून तोंडात टाकलं.

कडू. लिंबोळी होती.

"ताई, बरं आहे ना?" काकांनी विचारलं.

मी दुसरं उचललं. तेही लिंबोळी. माझा चेहरा बघून काकांनी नळी बंद केली. "काकूंना बोलावू का?"

"थांबा." मी झाडाच्या अगदी बुंध्याशी सरकले, जिथे फरशी संपून माती लागते, आणि तिसरं उचललं. दाट, गोड, आणि ओठ चिकटले. मी बी हातावर काढून त्यांच्यासमोर धरली. काळी, चकचकीत.

काकांनी चष्मा कपाळावर घेतला. बी निरखली. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं सांगणं नको झालं.

"ही चिकूची बी आहे," ते हळूच म्हणाले. "ताई, लागला. चिकू लागला."

मी त्यांना, बाक नव्हता म्हणून, पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. डबा, बोटावर बोट, पानाची खाच. त्यांनी ते मशीनचा बिघाड ऐकावा तसं ऐकलं. मग म्हणाले,

"म्हणजे माझा चिकू मेलाय."

"हो."

"बारा वर्षांपूर्वी."

"टेंपोनंच."

"आणि पाणी मी कुणाला घालत होतो?"

याचं उत्तर समोर उभं होतं. काका उठले, जमिनीवरचं एक फळ उचलून शर्टाला पुसलं आणि खाल्लं. नंतर अजून एक. तिसऱ्याला त्यांना लिंबोळी लागली, पण त्यांनी तीही गिळली. "रीडिंग बरोबर होतं," ते शेवटी म्हणाले. "मीटर दुसऱ्याच लाइनला लावलं होतं."

मग जो आठवडा गेला तो मी विसरणार नाही. मी आणि काका रोज सहाला, झाडणारी बाई यायच्या आधी, चादर अंथरून फळं गोळा करायचो. फांदी हलवली की टपटप सडा पडायचा, आणि बहात्तर वर्षांचे काका "ती बघा, ती, गाडीखाली" असं ओरडत वाकायचे. प्रत्येक फळ वेगळं करायचं, कारण लिंबोळ्याही पडत होत्या. त्यावर काकांनी पद्धत काढली: नखानं किंचित दाबायचं, पांढरा चीक आला की रायण. काकू वरून म्हणायच्या, "दाण्यातला खडा कधी निवडून दिला नाही तुम्ही मला."

रविवारी सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रमुखसाहेबांच्या हातात कारंज्याचं रंगीत चित्र. त्यांनी पाणी आणि संस्कृती यांवर दहा मिनिटं भाषण केलं आणि मग झाडाकडे हात केला. "काका, दिलगीर आहे. चिकू आला नाही."

"नाही आला," काका म्हणाले. "येणारही नाही. हा चिकू नाहीच." आणि त्यांनी परातीवरचा रुमाल काढला.

लोकांनी परातीत पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "लिंबोळ्या?" हशा झाला. काका तसेच परात धरून उभे राहिले. खायला कोणीच पुढे येईना. लिंबोळ्या कोण खाणार?

उठल्या त्या बा. प्रमुखसाहेबांच्या आई, पंच्याऐंशीच्या पुढच्या, रोज संध्याकाळी घरून खुर्ची आणून कोपऱ्यात बसणाऱ्या. त्यांनी एक फळ उचललं, नाकाशी नेलं, तोंडात टाकलं, आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग दुसरं. तिसऱ्यानंतर त्यांनी परातच काकांच्या हातातून घेतली आणि खुर्चीत मांडीवर ठेवली.

"आ तो रायण," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरच्या शिवारात अशी अकरा झाडं होती, आणि त्या लहानपणी दिवसभर तिथेच असायच्या, हे त्यांनी आम्हाला खाता खाता सांगितलं. मुलाकडे न पाहता त्या पुढे म्हणाल्या, "आ झाड कपाशे तो हुं गाम जती रहीश." हे झाड तुटलं, तर मी गावी निघून जाईन.

प्रमुखसाहेबांनी चित्राची गुंडाळी केली. "मला पहिल्यापासून शंका होतीच," ते म्हणाले.

परात फिरली. तासाभरात चोवीस घरांचे ओठ चिकटले आणि सभा त्यामुळे वेळेत संपली. बिया टाकायला काकांनी तेलाचा डबा ठेवला होता. कारंजं गेटपाशी गेलं. आता मला "चिकू क्यारे?" ऐकू येत नाही. "काका, रायण क्यारे?" असं विचारतात, आणि काका म्हणतात, "मे महिने," मे महिन्यात, कारण आता त्यांच्याकडे तारीख आहे. लॅमिनेट केलेली पावती मात्र त्यांनी फाडली नाही. शोकेसमध्ये आहे.

जूनच्या अखेरीला प्रमुखसाहेबांनी झाडाचा समारंभ केला. पितळेची पाटी, लाल फीत, ताशा. पाटीवर सोनेरी अक्षरांत 'प्राचीन रायण वृक्ष : आपल्या सोसायटीचा अमूल्य वारसा' असं होतं. फीत बांनी कापली. निसर्ग आणि माणूस यांच्या नात्यावर भाषण झालं. जाकीटवालेही आले होते, मीच बोलावलं होतं. त्यांनी खोडाला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

मी काकांच्या कानाशी गेले. "काका, यांना सांगायला हवं ना?"

"काल पाटी ठोकायला फॅब्रिकेशनवाला आला तेव्हा मी इथेच होतो," काका म्हणाले. "ड्रिल आणि चार मोठे खिळे घेऊन आला होता. प्राचीन झाड कुठलं, विचारलं. मी बोट दाखवलं."

पाटी कडुलिंबाला आहे.